वळसा

वळसा हा शब्द आपल्या भाषेत उगीचच बदनाम झाला आहे. काखेत कळसा असताना गावाला वळसा घालणाऱ्या त्या बिचाऱ्या बाईला आपण पिढ्यान्‌पिढ्या हसत आलो. सरळ गेला तो शहाणा आणि फिरून गेला तो वेंधळा, असा आपला एक पक्का समज. पण देवळाभोवती घातलेल्या वळशाला हीच भाषा प्रदक्षिणा म्हणते आणि त्याचे पुण्य पदरात टाकते. नर्मदेची परिक्रमा करणारा माणूस शेवटी जिथून निघाला तिथेच येऊन उभा राहतो. त्याला मात्र आपण वाकून नमस्कार करतो. तेव्हा वळसा कुणी घातला यापेक्षा तो कशाभोवती घातला, हे पाहायला हवे.

हे सारे सुचायचे कारण म्हणजे माझे पाय. अडतीस वर्षे मी मुलांना भूगोल शिकवला, आणि तोही बहुतेक एका जागी उभा राहून. निवृत्त झाल्यावर डॉक्टरांनी सांगितले, ‘गुरुजी, रोज चालत जा.’ ‘कुठे?’ असे मी विचारले, तर ते हसले. चालायला कुठेतरी जावे लागते, ही आमच्या पिढीची समजूत. शेतावर जावे, बाजाराला जावे, स्टेशनवर जावे. पण नुसतेच जावे आणि परत यावे, हे आमच्या हिवरखेडात आजही लोकांना थोडे विनोदी वाटते. सकाळी काठी घेऊन निघालो की हमखास कुणीतरी विचारतोच, ‘कुठी निंघाले गुरुजी?’ ‘कुठे नाही, फिरायला,’ असे म्हटले की तो माणूस सहानुभूतीने माझ्याकडे पाहतो आणि घरच्यांची खुशाली विचारतो.

वऱ्हाडात हिवरखेड नावाची गावे एकाहून अधिक आहेत. मोर्शीकडे एक आहे, त्याचा आणि आमचा पत्त्यात नेहमी घोटाळा होतो. आमचे हिवरखेड अकोला जिल्ह्यातले, तेल्हारा तालुक्यातले, सातपुड्याच्या अगदी पायथ्याचे. नावातच हिवर आहे. पांढुरक्या सालीचे, काटेरी, बाभळीच्या कुळातले हे झाड. त्याच्या सावलीत बसू नये, असे म्हातारी माणसे सांगत. ज्या झाडाच्या सावलीला कुणी बसत नाही त्याचे नाव गावाला द्यायचे, हा वऱ्हाडी मनाचा मोकळेपणाच म्हटला पाहिजे. गावाच्या दक्षिणेला पूर्णेच्या खोऱ्यातली काळी, कपाशीची जमीन. तिथे पुढे खारपाण पट्टा सुरू होतो आणि विहिरीचे पाणी तोंडात घेववत नाही. उत्तरेला मात्र डोंगराचे गोड पाणी. तिकडे केळी, संत्री, आणि आमच्या पट्ट्याची खास अशी पानपिंपरी. आणि त्याच्याही वर, आकाशाला टेकलेला निळा डोंगर. लहानपणी मला वाटे, जग तिथे संपते. पुढे शिकलो तेव्हा कळले, की तिथे मेळघाट सुरू होतो.

गेल्या दिवाळीत पुण्याहून नात आली. वय वर्षे दहा. आल्या आल्या तिने जाहीर केले, की तिला वाघ पाहायचा आहे. वाघ दाखवणे माझ्या हाती नव्हते. पण चालायची हौस माझी होती, म्हणून मी नरनाळ्याला जायचे ठरवले. सौ. म्हणाली, ‘मीही येते. फराळाचे सगळे झाले आहे. आणि वाघ निघालाच, तर तुम्हां दोघांना सांभाळायला कुणीतरी हवे.’

नरनाळा आमच्या भागातला मोठा किल्ला. पण आज तिथे जाणारा माणूस किल्ल्यावर कमी आणि रानात जास्त जातो. १९९७ साली हा परिसर अभयारण्य म्हणून जाहीर झाला आणि तो आता मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचाच भाग आहे. १९७३-७४ साली देशात पहिले नऊ व्याघ्र प्रकल्प झाले, त्यांत मेळघाट होते. शहानूर या पायथ्याच्या गावी नाव नोंदवायचे, बरोबर एक वाटाड्या घ्यायचा आणि जीपने वर जायचे. वर गेले की पठार लागते आणि तिथे पायी फिरता येते. ही फेरी अगदी सोपी. शक्कर तलावाच्या काठाने निघावे, पडक्या महालांपाशी थांबावे, तटाच्या कडेने खाली मैदान पाहावे, नवगजी तोफेला हात लावावा, आणि पुन्हा तलावापाशी यावे. माझ्यासारख्या सत्तरी ओलांडलेल्याला दम लागत नाही आणि दहा वर्षांच्या मुलीला कंटाळा येत नाही. असे रस्ते जगात फार थोडे असतात.

आमचा वाटाड्या पंचवीस-सव्वीस वर्षांचा कोरकू तरुण होता. खाकी शर्ट, पायांत रबरी चपला, बोलणे थोडे. कोरकू लोकांची स्वतःची भाषा आहे, मुंडा कुळातली. हे कुळ मुख्यतः झारखंड-ओडिशाकडचे, आणि त्या कुळाचे सर्वांत पश्चिमेचे टोक म्हणजे हे आमचे शेजारी. वर्गात हे मी कित्येक वर्षे सांगितले होते. परंतु ती भाषा बोलणाऱ्या माणसाच्या मागून रानात चालणे निराळे. आमच्याशी तो वऱ्हाडीत बोलत होता. आम्ही दोन पिढ्यांत घाटापलीकडे राहून त्याच्या भाषेतले दोन शब्दही शिकलो नाही. त्याला मात्र आमची बोली अगदी चालीसकट येत होती.

दिवाळीच्या सुमारास रान फार देखणे असते. पावसाळ्यातले गवत माणसाच्या कमरेपर्यंत वाढून पिवळे पडू लागलेले. सागाची पाने अजून टिकून, पण कडांना तांबूस झालेली. सालईच्या खोडावरून कागदासारखे पापुद्रे सुटलेले. उतारावर एखादे कांडोळाचे झाड, पांढरेफटक, भुतासारखे उभे. म्हणूनच त्याला भुत्या म्हणतात, हे वाटाड्याने सांगताच नात सौ.च्या जवळ सरकली. एका ठिकाणी वाळवीचे वारूळ कुणीतरी उकरले होते. ‘अस्वल,’ तो म्हणाला. ‘रातचंच हाय.’ वाघाची वाट पाहणाऱ्या मुलीला अस्वलाचे वारूळ म्हणजे थोडी निराशाच. पण तिने वहीत त्याची नोंद केली. ती वही तिने खास आणली होती. तिच्यात ती आमच्या फेरीचा नकाशा काढत होती. भूगोलाच्या मास्तराच्या घरात हा एवढा एक वारसा उतरलेला पाहून मला बरे वाटले.

महाकाली दरवाजापाशी आम्ही बराच वेळ बसलो. हा दरवाजा १४८७ साली फतहुल्ला इमाद-उल-मुल्क याने बांधला, असे त्यावरचा लेख सांगतो. दगडात कमळे आहेत, अक्षरांच्या वेलबुट्ट्या आहेत, आणि बाजूला देवड्या. डोंगराच्या डोक्यावर, रानाच्या पोटात इतके नाजूक काम कुणासाठी केले असेल? पुढे हा किल्ला निजामशाहीकडे गेला, मोगलांकडे गेला. अकबराच्या वऱ्हाड सुभ्यात नरनाळा ही सरकार होती, आणि ‘आईन-ई-अकबरी’त या डोंगरी किल्ल्याची आणि त्यातल्या इमारतींची नोंद आहे. मग भोसले आले. आमच्या हिवरखेडाशेजारच्या अडगावच्या मैदानात २९ नोव्हेंबर १८०३ रोजी वेलस्लीच्या इंग्रजी फौजेने भोसल्यांच्या सैन्याचा पराभव केला. पंधरा-सोळा दिवसांत गाविलगड पडला आणि देवगावचा तह झाला. त्या तहात वऱ्हाडचा मुलूख गेला, पण नरनाळा आणि गाविलगड भोसल्यांकडे राहिले. एवढ्या राजवटी आल्या आणि गेल्या. राहिले आहे ते पाणी. पावसाचे पाणी तळ्यांतून तळ्यांत फिरवायची इथली जुनी सोय पाहिली, की आजच्या इंजिनिअरनेही टोपी काढावी.

तटाकडे जाताना सीताफळाचे रानटी झाड लागले. चांगले डोळे फुटलेले एक फळ हाताशी होते. सौ.ने हात पुढे केला, तसा वाटाड्या हसून म्हणाला, ‘राहू द्या आजी. थे अस्वलाच्या वाट्याचं हाय.’

सौ.ने मुकाट्याने हात मागे घेतला. तीस वर्षांत माझे म्हणणे तिने इतक्या चटकन एकदाही ऐकलेले नाही.

तटावरून दक्षिणेला आमचे मैदान दिसते: शेते, पांदणी, पाण्याच्या टाक्या, धुक्यात विरघळलेले अकोट. उत्तरेला फक्त रान. एकामागून एक टेकड्यांच्या ओळी, आणि त्यांत घर नाही, धूर नाही, तार नाही. मी म्हटले, ‘बघ, किती मोकळे आहे! माणसाची खूणसुद्धा नाही.’ नातीने वहीतून डोके वर केले आणि वाटाड्याला विचारले, ‘दादा, तुमचं गाव कुठलं?’

त्याने हात उत्तरेकडे केला. ‘थ्या दोन टेकड्या दिसतात ना, त्याइच्या मधात.’

‘पण तिथे तर काहीच नाही.’

‘आता नाही. आता गवत हाय. सांबर येते चरायले.’

मेळघाटातली काही गावे गेल्या पंचवीस वर्षांत उठवून खाली मैदानात वसवली गेली. बोरी, कोहा, कुंड ही आरंभीची. त्यानंतर आणखी कित्येक. २००८ नंतर कुटुंबामागे १० लाख रुपयांची योजना आली. कुणी राजीखुशीने आले, कुणी शेजारी निघाले म्हणून आले. खाली आल्यावर ज्यांचे समाधान झाले नाही त्यांतले काही परत वर गेले, आणि जानेवारी २०१९ मध्ये तिथे मोठा संघर्षही झाला. दोन्ही बाजूंची माणसे जखमी झाली. हे मी वर्तमानपत्रात वाचले होते. वाचलेल्या गोष्टी घडीवर घडी घालून ठेवाव्या तशा मनात राहतात. ही घडी त्या तटावर उलगडली.

सौ.ने त्याला शेजारी बसवले, डब्यातल्या चकल्या काढून पुढे केल्या आणि विचारले, ‘घर आठवतं का रे बाळा?’

तो जरा वेळ चकली हातात धरून बसला. ‘मी लहान होतो. शाळा खालीच झाली मायी, म्हणून तर ही नोकरी भेटली. दवाखाना जवळ हाय. लाइट हाय. खोटं काहून बोलू? पण माय होळीच्या दिवशी रडते. होळी आमची मोठी असते, तुमच्या दिवाळीवानी. घरामागं आंबा होता आमचा. माय म्हनते, आता त्याचे आंबे अस्वल खात असन.’

मग तोच हसला. ‘खाऊ दे. त्याचंच रान हाय.’

यावर बोलण्यासारखे माझ्यापाशी काही नव्हते. रानाची बाजू मला ठाऊक आहे. माणूस आणि गुरे निघाली, की गावठाणाच्या जागी गवत येते. गवतामागे हरिण-सांबर, आणि सांबरामागे वाघ. शिवाय या डोंगराचे रान म्हणजे आमच्या मैदानाचे पाणी. वाण नदी याच रानातून उतरते. वारीच्या मारुतीपाशी तिच्यावर धरण आहे, आणि त्या पाण्यावर खालची शहरे जगतात. म्हणजे त्याच्या घरामागच्या आंब्यावर मी रोज सकाळी तोंड धुतो, असे म्हटले तरी चालेल. त्याची आई होळीला रडते, हेही तेवढेच खरे. दोन्ही खऱ्या गोष्टी एका तराजूत घालता येतील असा काटा मी भूगोलात पाहिला नाही.

परतीच्या वाटेवर सौ. गप्प होती. तिच्या मनात काय चालले होते ते मला कळत होते, कारण तिचे माहेर खंडव्याचे.

आमचे लग्न झाले तेव्हा अकोला-खंडवा ही लहान रुळांची गाडी आमच्या स्टेशनावरून जात असे. जयपूरहून दक्षिणेकडे जाणारी मीनाक्षी एक्स्प्रेसही याच रुळांवरून धडधडत जाई. हिवरखेड सुटले की वाण रोड, मग धूळघाट, तुकईथड, आणि दुपार कलायच्या आत खंडवा. धूळघाटाला तर मोठी गंमत. डोंगर चढायचा, पण आगगाडीला तीव्र चढ मानवत नाही. म्हणून तिथे रुळांना एक पुरा वळसा दिलेला: गाडी डोंगराभोवती फिरून वर यायची आणि मघाशी ज्या रुळांवरून गेली त्यांनाच पुलावरून ओलांडायची. सगळ्या डब्यांतली मुले खिडकीला नाक लावून खालचे रूळ शोधत. आमच्या मुलांनीही शोधले. दर भाऊबीजेला सौ. त्या गाडीने जाई, आणि तिसऱ्या दिवशी डबाभर गुजिया घेऊन परत येई.

२०१७ सालच्या आरंभी अकोटच्या पुढची ती गाडी बंद झाली. रूळ रुंद करायचे होते. पण त्यांचा सुमारे ३९ किलोमीटरांचा भाग व्याघ्र प्रकल्पातून जात होता. रुंद रुळांवर गाड्या जास्त, वेगही जास्त; मग जनावरांचे काय, हा प्रश्न उभा राहिला. पुष्कळ वाद झाले, कागद न्यायालयापर्यंत गेले. अखेर ठरले, की मार्गाने रानाला वळसा घालावा: हिवरखेडावरून सोनाळा, जामोद असे बाहेरून जावे. अकोल्याहून अकोटपर्यंत मोठी गाडी २०२२ च्या नोव्हेंबरात सुरू झाली. आमचे गाव मात्र कित्येक वर्षे गाडीची वाट पाहत बसले. जुना सरळ रस्ता आणि नवा वळसा यांची ताटातूट आमच्याच शिवारापाशी होते, ही मोठी नवलाची गोष्ट.

तेव्हापासून सौ.ला खंडव्याला जायचे म्हणजे आधी एस. टी.ने शेगाव, मग भुसावळ, तिथे गाडी बदलायची, आणि मग खंडवा. सारा दिवस जातो. तिचा भाऊ तिच्याहून सात वर्षांनी मोठा. त्याला आता प्रवास झेपत नाही. रानातून रेल्वे नको, असे मी ओट्यावर बसून लोकांना सांगत असे, तेव्हा ती आतून काही बोलत नसे. फक्त भांड्यांचा आवाज जरा वाढे.

तलावापाशी आमची फेरी पुरी झाली. नातीने वही वाटाड्यापुढे धरली आणि म्हणाली, ‘दादा, तुमच्या गावाचं नाव यात लिहा ना. मी टिंब काढलंय.’ त्याने दोन टेकड्यांच्या मधल्या टिंबाशेजारी, शाळेत गिरवलेल्या टपोऱ्या अक्षरांत, नाव लिहिले. मग पेन्सिल परत देता देता पुन्हा मागून घेतली आणि टिंबाजवळ एक छोटेसे झाड काढले. ते आंब्याचे होते, हे कुणी कुणाला सांगितले नाही.

जीपमध्ये सौ. एकदम म्हणाली, ‘अहो, ती गाडी बाहेरूनच जाऊ दे.’

मी तिच्याकडे पाहिले.

‘मला वळसा पडतो, एवढंच. माझं माहेर जागेवर आहे. त्या पोराचं गाव गेलं, आणि ते कशासाठी? तर रान राहावं म्हणून. मग तिथून दिवसाला वीस गाड्या धडधडत जायच्या असतील, तर त्याच्या आईने घर सोडलं ते कशाला?’

इतक्या वर्षांत वर्तमानपत्रांतले पुष्कळ लेख मी या विषयावर वाचले. हा मुद्दा कुणी इतक्या थोडक्यात मांडल्याचे मला आठवत नाही. बायकोने असे काही म्हटले, की नवऱ्याने शहाणपणाने खिडकीबाहेर पाहावे. तसे मी पाहिले. बाहेर एक मोर रस्ता ओलांडत होता, अगदी सावकाश, जणू त्याला रस्त्याचा सातबारा मिळाला होता. नातीने जीप थांबवायला लावली आणि त्यालाही नकाशात जागा दिली.

पाडव्याच्या संध्याकाळी सौ.ने पिशवी भरली: अनारसे, एक शाल, आणि ओवाळायची जुनी चांदीची निरांजने. भाऊबीजेला पहाटे मी तिला एस. टी.पर्यंत पोचवले. रात्री उशिरा खंडव्याहून फोन आला, की पोचले, पण भाऊ तिची वाट पाहून झोपी गेला होता. मग त्याला उठवूनच ओवाळले.

ती दोन दिवस उशिरा परतली. भावाची प्रकृती बरी नव्हती. पिशवी खाली ठेवता ठेवता म्हणाली, ‘सरळ गाडी असती, तर पुढच्या महिन्यात पुन्हा जाऊन आले असते.’ मग थोडा वेळ उंबऱ्यातच उभी राहिली, आणि चहाचे आधण ठेवायला आत गेली.